एका किंकाळीची अट

सन एकोणीसशे एकसष्ट. माझ्या लग्नाला तीन महिने झाले होते. सासरे राक्षस आहेत, हे मला लग्नाआधीच सांगितलेलं होतं.

मुलांच्या नाटकघरात ते बत्तीस वर्षं राक्षसाचं काम करत होते. नाटक एकच, दर रविवारी सकाळी दहाला. राक्षस राजकन्येला पळवतो, गुहेत कोंडतो, राजपुत्र येऊन त्याला मारतो, मुलं टाळ्या वाजवतात आणि पावणेबाराला घरी जातात. आमच्या शहरात लहानपणी ते नाटक न पाहिलेला माणूस शोधून सापडला नसता. घरी मात्र दादा (सासऱ्यांना सगळे दादाच म्हणत) पाल दिसली की खुर्चीवर पाय वर घेऊन बसत.

"मी या घरात जावई म्हणून आलो," ते मला पहिल्याच दिवशी म्हणाले, "आणि यांनी माझा राक्षस केला. तू आपली सांभाळून राहा गं."

"घाबरवू नका तिला," सासूबाई आतून म्हणाल्या. "ते काम रविवारी करायचं."

नाटकघर जुनं, आणि दादा घालायचे ते राक्षसाचं कागदी डोकं सासूबाईंच्या माहेरचं. त्यांच्या आजोबांनी ते पहिल्यांदा बनवलं, मग आईने, मग त्यांनी. रंगमंचाच्या मागे एक लांबट खोली होती, तिला आम्ही 'लगदाघर' म्हणायचो. मोठी खिडकी, खिडकीखाली टेबल, कोपऱ्यात भिजत घातलेल्या वर्तमानपत्रांचे टब, शेगडीवर खळीचं पातेलं. वास असा, की पाहुणे दारातूनच परत जात. टेबलाच्या टोकाला लाकडी ठोकळ्यावर ते डोकं, वर जुनी चादर घातलेली.

त्या खोलीचा एक नियम होता. जुना चेहरा टाकायचा नाही. राक्षस जुना झाला, मुलं त्याला घाबरेनाशी झाली, की त्याच्याच तोंडावर कागदाचे थर चढवून नवा चेहरा करायचा. आजोबांचं म्हणणं असं, की बिचारा दर रविवारी एकदा मरतो, तेवढं पुरे. आपण आणखी कशाला मारायचा? नियम प्रेमळ होता, पण वजनाचा विचार आजोबांनी केला नव्हता. तीन पिढ्यांत ते डोकं इतकं जड झालं होतं, की दादांना ते चढवायला दोन माणसं लागत. पूर्वी राक्षस पायऱ्या उतरून मुलांमध्ये यायचा म्हणे. माझ्या वेळेपर्यंत तो जागच्या जागी डरकाळ्या फोडायचा.

आणि एका रविवारी व्हायचं ते झालं. गुहेतून बाहेर येताना दादांचा तोल गेला. ते एका बाजूला कलले, दुसऱ्या बाजूला कलले, आणि पहिल्या रांगेतल्या एका मुलीने मोठ्या काळजीने हाक मारली, "आजोबा, पडाल!"

सगळं नाटकघर हसलं. हसू एकदा सुटलं की थांबतं कुठे? राक्षस मरेपर्यंत हसत होती मुलं, आणि मेल्यावर तर जास्तच.

व्यवस्थापक साहेबांनी दुसऱ्या दिवशी दादांना बोलावलं नाही, ते स्वतःच आले. त्यांना मागून सगळे मिनिटराव म्हणत, कारण हातातलं घड्याळ बघितल्याशिवाय ते शिंकतसुद्धा नसत. वय चाळिशीच्या आतलं, पण चालणं-बोलणं साठीचं. लगदाघराच्या उंबऱ्याच्या आत त्यांनी कधी पाऊल टाकलं नाही. मला वाटायचं, वासामुळे.

"दादा, मुलं हसली," ते उंबऱ्यावरूनच म्हणाले.

"हसली खरी."

"राक्षसाला हसली. एकाने मला विचारलं, तो चष्मा लावलेला हत्ती कोण होता?"

सासूबाईंनी खळ ढवळणं थांबवलं. तो चेहरा त्यांनी त्रेचाळीस साली केला होता, लढाईच्या दिवसांत. विषारी वायूपासून वाचायला लोक तोंडावर चढवत तसा: काचेचे दोन गोल डोळे आणि खाली लोंबणारी जाड नळी. त्या वर्षी तो बघून मुलं आयांच्या पदरात शिरली होती. आता लढाई संपून सोळा वर्षं झाली होती. या मुलांना त्यात हत्ती दिसणार नाही तर काय?

"एक महिना देतो," मिनिटराव घड्याळाकडे बघत म्हणाले. "मग ते नाटक बंद. रविवारी सकाळी कसरतवाल्यांना जागा देतो. दादांना मी घरी बसवणार नाही, दारावर तिकिटं फाडायचं काम आहे."

सासूबाई बोलल्या. "आणि महिन्याभरात मुलं घाबरली तर?"

"एक किंकाळी ऐकू येऊ दे मला. एक. पण खरी हवी. पायावर पाय पडल्याची नको."

"कोणाची?" दादांनी विचारलं.

"कोणाचीही. मला चालेल. मी शब्दाचा पक्का आहे."

त्यानंतरचे दोन दिवस दादा लगदाघरात बसून वर्तमानपत्र फाडत होते. नीट बघितलं तेव्हा कळलं, तिकिटाएवढे तुकडे करत होते. बोटांना सवय व्हावी म्हणून. बत्तीस वर्षं डरकाळी फोडलेला माणूस मान खाली घालून कागदाचे चौकोनी कपटे रचून ठेवतोय, हे मला बघवेना. सासूबाई त्यांच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"अहो, फाडताच आहात तर लांब पट्ट्या फाडा. लगद्याला होतील."

म्हणजे नवा चेहरा करायचं त्यांनी ठरवलं होतं. मला म्हणाल्या, "सूनबाई, ती नळी तेवढी सोडवून ठेव. तिच्यावर कागद बसणार नाही."

आता इथे माझं माहेर आडवं आलं. माझे वडील बुकबाइंडर. जुन्या पुस्तकाचं कातडं उतरवायचं तर ओरबाडायचं नाही, ओली फडकी घालून ठेवायची आणि वाट बघायची, हे मी दुधाच्या दातांपासून बघत आलेली. सासरी पहिलंच स्वतंत्र काम! म्हटलं, नीटनेटकं करून दाखवू. नुसत्या नळीवर नाही, सबंध तोंडावर ओली फडकी गुंडाळली, वर किटलीतलं ऊन पाणी शिंपडलं. तेवढ्यात आमच्या ह्यांनी हाक मारली. हे नाटकघरात दिवे लावायचे. "जरा शिडी धर," म्हणाले. नवीन लग्न झालेलं. शिडी तीन तास धरली.

परत आले तर फडक्यांखालचं डोकं आकसल्यासारखं दिसत होतं. मी फडकं ओढलं. त्याबरोबर सासूबाईंचा सबंध चेहरा, काचा आणि नळीसकट, फणसाचं साल निघावं तसा सुटून टेबलावर आडवा झाला. आणि त्याच्या जागी ठोकळ्यावरून दुसराच एक माणूस माझ्याकडे बघत होता. गोरापान, मधोमध भांग, बारीक मिशी, आणि ओठांवर मंद हसू.

मी अशी ओरडले, की दादा आणि सासूबाई दोघं धावत आले.

"ही किंकाळी रविवारी ठेवायची होतीस," दादा म्हणाले.

मला रडू फुटलं. "आई, चुकले. सगळाच निघाला. मी नुसती फडकी…"

सासूबाई माझ्याकडे बघतच नव्हत्या. त्यांनी त्या गोऱ्या चेहऱ्याच्या गालावरून हात फिरवला. "हा आईचा," त्या म्हणाल्या. "एकोणतीस सालचा. मी सांगितलं होतं तिला, मिशी तिरकी झालीय म्हणून. मेली तशीच ठेवून गेली." मग डोळे पुसून मला म्हणाल्या, "रडतेस काय? फडकी आण आणखी."

"आणि नियम?" दादांनी विचारलं.

"नियम टाकायचा नाही असा आहे. काढायचा नाही असं आजोबा कुठे म्हणाले?"

पुढचे आठ दिवस आम्ही तेच केलं. मी फडकी घालायची, त्या बोटांनी थर सैल करायच्या. एकेक चेहरा निघायचा आणि सासूबाई त्याची हकिगत सांगायच्या. तो गोरा मनुष्य कसा आला? शहर वाढलं, शेजारी कोण राहतं ते कळेनासं झालं, आणि आया मुलांना सांगू लागल्या की अनोळखी माणसाने खाऊ दिला तर घेऊ नका. म्हणून त्यांच्या आईने अगदी सभ्य राक्षस केला. ना शिंग, ना सुळा. रंगमंचावर तो गुरगुरायचासुद्धा नाही, हळूच विचारायचा, "बाळ, तुला घरी सोडू का?"

त्याच्या खाली निघाला काजळी फासलेला, तोंडाच्या जागी लालभडक भट्टी आणि टाळूवर धुराड्याचा बुडखा. शहरात पहिले कारखाने आले तेव्हाचा. त्याच्या खाली एक सुजलेला, फोडांनी भरलेला, एक डोळा मिटलेला. हा साथीच्या वर्षाचा, आजोबांनी केलेला. तो निघाला तेव्हा सासूबाई त्याच्याबद्दल काही बोलल्या नाहीत. आजोबांची दोन मुलं त्या साथीत गेली एवढं मला नंतर दादांकडून कळलं. आणि सगळ्यांत आत, वेताच्या सांगाड्यावर चिकटलेला पहिला राक्षस: अर्धा लांडगा, अर्धा बैल, वरचे थर बसावेत म्हणून शिंगं मुळापासून कापलेली. शहराच्या कडेला रान होतं आणि रानातून खरंच काहीतरी यायचं, त्या काळातला.

"काय लोक होते," दादा त्याचे कान ओढत म्हणाले. "जनावराला भ्यायचे. किती सोपं."

पाचही चेहरे टेबलावर ओळीने वाळत पडले. मी त्यांना मागून पातळ कापड लावलं. माहेरी जुन्या नकाशांना लावतो तसं, म्हणजे तुकडे पडत नाहीत. मधल्या पोकळ्यांत भरलेला लगदा आणि चिंध्या काढल्यावर कळलं, की वजन राक्षसांचं नव्हतंच, भरतीचं होतं. एकेक चेहरा उचलून बघितला तर पुठ्ठ्याच्या टोपीएवढा हलका.

आता रविवारी कोणता घालायचा, यावरून वाद. सासूबाईंना आईचा हवा होता. दादा लांडग्यावर अडून बसले, "त्याच्यात वारा येतो." मी कोणता म्हणणार? मी आधीच एक पराक्रम केलेला. आमचे हे दाराशी बसून बल्ब पुसत होते. हे दिवसाला मोजून दहा वाक्यं बोलायचे. त्यातलं एक तेव्हा खर्ची घातलं.

"भांडता काय? सगळेच घाला की. एकात एक बसतातच."

मग सासूबाई म्हणाल्या, "कधी नव्हे ते तोंड उघडलं, पण सोनं निघालं."

प्रत्येक चेहऱ्याला मागे नाडी लावली, ओढली की सुटेल अशी. राजपुत्राचं काम करणारा एक काटकुळा व्यायामपटू होता. त्याला फक्त एवढंच सांगितलं की तलवार लागली की चेहरा पडेल, तू थांबू नकोस. मिनिटरावांना काहीच सांगितलं नाही.

महिन्याचा शेवटचा रविवार. नाटकघर अर्धं भरलेलं. मुलं, काहींचे आई-बाप, चार-दोन आज्या. मिनिटराव सगळ्यांत मागे, दाराजवळच्या अंधारात, हातात घड्याळ. मी विंगेत, हातात सुई-दोरा.

राक्षस आला तो चष्मेवाला. "हत्ती आला, हत्ती!" मुलं ओरडली. पण मी बापांच्या रांगेकडे बघत होते. तिथे कोणी हसत नव्हतं. एका दणकट माणसाने शेजारच्या मुलाच्या खांद्याभोवती हात टाकला आणि तो नाटकभर काढला नाही.

राजपुत्राने तलवार लावली. दादांनी नाडी ओढली. हत्ती खाली पडला आणि आतून तो गोरा, भांग पाडलेला माणूस हसला.

मुलं एकदम गप्प झाली. घाबरली म्हणून नव्हे. मेलेल्या राक्षसाच्या आतून दुसरा राक्षस निघतो हे त्यांनी कधी बघितलंच नव्हतं. राजपुत्रसुद्धा आ वासून उभा. आणि दादा, किती वर्षांनी कोण जाणे, रंगमंचाच्या पायऱ्या उतरले. मान ताठ, पाऊल हलकं. मधल्या वाटेने सावकाश चालत, दोन्ही बाजूंच्या मुलांकडे मान लववून बघत ते थेट शेवटच्या रांगेपर्यंत गेले, अंधारात थांबले आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले,

"बाळ, तुला घरी सोडू का?"

जी किंकाळी उठली ती मी जन्मात विसरणार नाही. उंच, लांब, आणि अस्सल. पायावर पाय पडल्याची मुळीच नव्हे. पाठोपाठ काहीतरी फरशीवर पडून फुटल्याचा आवाज आला. ते घड्याळ होतं.

आमच्या ह्यांनी दिव्याचा झोत तिकडे वळवला. व्यवस्थापक साहेब भिंतीला पाठ लावून, दोन्ही हातांनी तोंड झाकून उभे होते. सात वर्षांचं मूल उभं राहील तसे.

मग काय विचारता! मोठा माणूस घाबरला म्हटल्यावर मुलांना स्वर्ग दोन बोटं उरला. हसली, नाचली, खुर्च्यांवर चढली. दादा परत रंगमंचावर आले, तिसरा चेहरा निघाला, आणि धुराडेवाल्याला बघून एक म्हातारी आजी "अगं बाई!" करून उभी राहिली. तिची नात तिला विचारायला लागली, "आजी, तू याला ओळखतेस?" चौथा निघाला तेव्हा सगळ्यांत मागे बसलेल्या एका आजोबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. तेवढीच एक घटका नाटकघर शांत होतं.

"दादा, अजून किती आहेत?" राजपुत्राने दमून हळूच विचारलं. ते पहिल्या रांगेने ऐकलं. "अजून किती? अजून किती?" सगळी मुलं एका सुरात. लांडग्याला तर त्यांनी टाळ्या वाजवून मारू दिलं, आणि तोही पडल्यावर खाली उरले आमचे दादा: घामाने निथळलेले, केस कपाळाला चिकटलेले, धापा टाकत हसणारे.

"अरे, हे तर आजोबा!" ती पहिल्या रांगेतली मुलगी ओरडली. तीच पुन्हा आली होती. राजपुत्राने तलवार उगारली तर मुलांनी त्याला मारूच दिलं नाही. पावणेबाराचं नाटक साडेबाराला सुटलं.

मिनिटराव लगदाघराच्या उंबऱ्यावर आले तेव्हा त्यांच्या हातात काच फुटलेलं घड्याळ होतं. चेहऱ्याचा रंग अजून उतरलेलाच.

"एकोणतीस साली मी सात वर्षांचा होतो," ते म्हणाले. "शेवटच्या रांगेत बसलो होतो. तो माझ्यापाशी येऊन थांबला आणि हेच म्हणाला. त्यानंतर मी वर्षभर एकटा शाळेत गेलो नाही."

"ते माझं पहिलंच वर्ष," दादा ओशाळून म्हणाले. "माफ करा हो, साहेब."

"तुम्हाला माहीत होतं, मी तिथे उभा आहे ते?"

"छे! मुखवट्यातून काय दिसतंय?"

सासूबाईंनी खळीचं पातेलं उतरवलं. "साहेब, किंकाळी खरी होती ना? नाही, तुम्ही म्हणाला होतात, कोणाचीही चालेल."

मिनिटरावांनी सवयीने घड्याळ बघितलं. काटे बंद पडले होते. मग ते हसायलाच लागले, आणि हसता हसता उंबरा ओलांडून आत आले. पहिल्यांदा. चेहरे ओळीने टांगले होते, पण गोऱ्यापाशी आल्यावर त्यांनी दुसरीकडे बघितलं.

पुढच्या रविवारपासून नाटकघर भरायला लागलं. मुलं आजी-आजोबांना ओढून आणायची, कोणता चेहरा आला की आपली म्हातारी ओरडते ते बघायला.

दादांनी त्यानंतर नऊ वर्षं काम केलं आणि मग पेन्शनीत निघाले. तिकीट एकही फाडलं नाही. शेवटपर्यंत विचारलं तरी "मुखवट्यातून दिसत नाही" एवढंच सांगायचे, आणि मिशीत हसायचे. सासूबाई त्यांच्यामागे चार वर्षांनी गेल्या. जायच्या आधी आईच्या चेहऱ्याची मिशी सरळ करून गेल्या. राजपुत्राचे गुडघे गेले, त्याने व्यायामशाळा काढली. ती पहिल्या रांगेतली मुलगी शिक्षिका झाली आणि दरवर्षी वर्ग घेऊन येत राहिली. आमचे हे तीन वर्षांपूर्वी गेले. त्या दिवसाची दहा वाक्यं संपलेली नव्हती, याची चुटपूट मला अजून आहे.

सहावा चेहरा मी केला, चौऱ्याहत्तर साली. कचेरीच्या खिडकीआड बसणारा, डोळे न उचलता "उद्या या" म्हणणारा. मुलांना काही कळलं नाही, त्यांचे बाप पांढरेफटक पडले. सातवा माझ्या नातीचा. मोठे मोठे डोळे, गुबगुबीत गाल, जवळ घ्यावासा वाटणारा. मी म्हटलं, "अगं, हा कसला राक्षस?" तर मलाच शिकवते, "आजी, राक्षस वाईट नसतो, त्याचं कोणी ऐकून घेतलेलं नसतं." ऐकून घेतलं तर तो नाटकभर बोलतच राहतो, एवढीच माझी तक्रार आहे. मुलं मात्र त्याला निरोप देताना रडतात.

मिनिटराव निवृत्त झाल्यावरही येत राहिले. शेवटचे आले तेव्हा चौऱ्याऐंशीचे होते, चाकांच्या खुर्चीत. राक्षसाचं काम तोवर माझा मुलगा करत होता. खुर्ची शेवटच्या रांगेपाशी लावली होती. मी विचारलं, "साहेब, त्या गोऱ्या चेहऱ्याच्या आधी बाहेर नेऊ का?"

"नको," ते म्हणाले. "येऊ दे त्याला."

तो गोरा माणूस मधल्या वाटेने आला, त्यांच्यापाशी वाकला आणि त्याने हळूच विचारलं, "बाळ, तुला घरी सोडू का?"

मिनिटरावांनी शेजारी बसलेल्या तरुणाचा हात घट्ट धरला आणि मान वर करून ते म्हणाले, "नको. मला घरी न्यायला माझा नातू आलाय."